उम दूसॉप, तीस ग्रॅम

"यंदा तुझा बांबूच जड निघालाय," दूसॉपदादांनी पाचही बाण छुनमेच्या पाटावर ठेवले. "दोन महिने झाले, एक बाण निशाण्याच्या फळीपर्यंत पोचत नाही. वीस पावलं अलीकडेच माती खातो. मैदानावरची पोरं गालातल्या गालात हसतात."

"आधी बसा तरी. बार्लीचा चहा ठेवते."

"चहा राहू दे. वजन कर."

छुनमेचा हात तराजूकडे जाईना. येछॉन गावातल्या टेकडीखालच्या या खोलीत, वडिलांच्या मागे चाळीस वर्षं ती एकटीच बाण करत आली होती. दूसॉपदादा दर वसंतात यायचे, पाच बाण न्यायचे, दोन गोष्टी बोलायचे. त्या दोन गोष्टींवर तिचं वर्ष निघायचं. दरवेळी ती बाणावर त्यांचं नाव आणि वजन तेच लिहायची : उम दूसॉप, तीस ग्रॅम.

शेवटी तिने एक बाण तराजूवर ठेवला. चोवीस.

"तराजू बिघडलाय तुझा."

"नाही दादा. साठीनंतर तुम्ही दोनदा मऊ धनुष्य घेतलंत. मऊ धनुष्याला जड बाण झेपत नाही, तो लवकर खाली येतो. म्हणून दरवर्षी थोडं थोडं जास्त तासलं मी."

"आणि लिहिलंस तीस."

"हो."

"किती वर्षं?"

"पंधरा."

"आणि मी गावभर सांगत फिरलो, ऐंशीला टेकलो तरी तीसचाच मारतो."

"खरं लिहिलं असतं, तर तुम्ही यायचं सोडलं असतं," छुनमे खाली बघत म्हणाली. "आता वीसचे करते. पोचतील. पण हलका बाण वाऱ्याचं ऐकतो. नेम पुन्हा बसवावा लागेल."

दादा उठून गेले. बाण तिथेच राहिले.

तिने वीसचे पाच बाण केले. केले आणि ठेवून दिले. दहाव्या दिवशी दादा दारात उभे राहिले.

"खरा आकडा लिही. आणि चल मैदानावर."

इतक्या वर्षांत ती कधी तिथे गेली नव्हती. कुणी बोलावलंच नव्हतं.

पहिला बाण सोडण्याआधी, कितीही जुना तिरंदाज असो, सोबत्यांना सांगायचं, 'धनुष्य शिकतोय', अशी त्या मैदानाची रीत. दादा आजवर ते घाईघाईत पुटपुटून मोकळे व्हायचे. आज ते पोरांकडे वळले, मान लववली आणि सावकाश म्हणाले, "धनुष्य शिकतोय."

"भरपूर नेम लागू देत," पोरं म्हणाली. कुणी हसलं नाही.

छुनमे चार पावलं मागे उभी राहिली. दादांनी बाण लावला, आणि दोरी न ताणता, गालावर वारा कुठून येतोय ते बघत थांबले.