किचनमधली पायरी

आमचे सर विज्ञाननिष्ठ आहेत. हे मी वेगळं सांगायची गरज नाही, ते स्वतःच सांगत असतात. सर म्हणजे माझा नवरा, धर्मेंद्र. अमरावतीत ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतात, दर पौर्णिमेला विहारात अंधश्रद्धेवर बोलतात, आणि अख्खा मोहल्ला त्यांना सर म्हणतो म्हणून मीही सरच म्हणते. मी वलगावच्या शाळेत चौथीला शिकवते. मला मोहल्ल्यात कोणी मॅडम म्हणत नाही, पण पाणी उताराकडे वाहतं एवढं माझ्या चौथीच्या पोरांना मी शिकवलेलं आहे. हे लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल.

माझी उंची चार फूट नऊ इंच. लग्नात फोटोग्राफरनं मला पाटावर उभं केलं होतं, तो पाट मग माझ्या पायाखालून सुटलाच नाही. भाड्याच्या घरांतले ओटे कोणाच्या मापानं बांधतात कोण जाणे, बाईच्या तर नक्कीच नाही. पोळ्या एक वेळ जमतात, पण ज्वारीची भाकर थापायला वरून जोर लागतो. परात छातीशी आली की तो जोर खांद्यातून काढावा लागतो. पाटावर चढा, भाकर थापा, खाली उतरा, पाणी घ्या, परत चढा. एकदा तव्यासकट खाली आले, तेव्हा सरांनी आतून विचारलं, "काय पडलं?" मी म्हटलं, मी. ते म्हणाले, बरं.

शेवटी उजवा खांदा आखडला. वेणी घालायला हात मागे जाईना, फळ्यावर वरच्या ओळीत लिहिता येईना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायाम दिला आणि म्हणाले, ओटा खाली घ्या, नाही तर हा हात असाच राहील. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या की आमी तर अशाच ओट्यांवर जिंदगी काढली, आमचे काही खांदे गळून पडले नाईत. आमच्या दुर्गाबाई, म्हणजे सासूबाई, उंच आहेत. पंख्यावरची धूळ त्या स्टुलाशिवाय पुसतात.

तर असं असताना आम्ही शेगाव नाक्याजवळ दुसऱ्या मजल्यावरचा एक जुना फ्लॅट विकत घेतला. जुने मालक मुलाकडे पुण्याला गेले. किचन अगदीच मोडकळीला आलेलं, म्हणून ते सगळं नव्यानं करायचं ठरलं. टाइल्स सरांनी पसंत केल्या. कपाटांचा रंग सरांनी पसंत केला. चिमणीही त्यांनीच आणली, ठेच्याच्या मिरच्या भाजल्या की ती आमच्याआधी खोकते. मी कशालाच नाही म्हटलं नाही. मी एकच मागितलं, ओटा तीस इंचांचा करा. सर म्हणाले, नक्की. नापास पोराला पुढच्या वर्षी पाहू म्हणतात ना, अगदी त्याच आवाजात.

मग एके दिवशी सरांचे मित्र किशोर घर पाहायला आले. कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात, आणि हातात तीन अंगठ्या घालतात. किचनच्या दारात उभे राहून त्यांनी च्च च्च केलं. ओटा वायव्येला आहे म्हणाले, म्हणूनच मालकाचा पाय टिकला नाही, गेला पुण्याला. सरांनी त्यांना असं धुतलं की मलाच दया आली. तुझ्यासारखे लोक विज्ञान शिकवतात म्हणून देश मागे आहे, इथपर्यंत गेले. मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, वाटला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर फ्लॅटवर गेले, तर सर रिकाम्या किचनच्या मधोमध, तळहातावर मोबाइल आडवा धरून, स्वतःभोवती हळूहळू फिरत होते. मी विचारलं, काय करून राहिले? म्हणाले, रेंज पाहतो.

रेंज आग्नेयेला सापडली असावी. कारण संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं की ओटा समोरच्या कोपऱ्यात न्यायचा, व्हेंटिलेशनसाठी. मी म्हटलं, खिडकी इकडे आणि व्हेंटिलेशन तिकडे, हे कसं काय? तर हवेचं शास्त्र निराळं असतं म्हणे. मी नुसती पाहत राहिले. मी पाहत राहिले की सर फार वेळ टिकत नाहीत. शेवटी म्हणाले, आपण नाही मानत, पण उद्या विकायची पाळी आली तर घेणारा मानतो ना. घर घेऊन महिना झाला नव्हता. आणि वर म्हणाले, हे देवमनदादाला सांगू नको.

देवमनदादा म्हणजे माझा मोठा भाऊ, अकोल्याला असतो. आमच्या नात्यात त्याला सगळेच टरकून असतात. एका भाच्यानं नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधली होती, तर भर लग्नात दादानं ती सगळ्यांसमोर तोडायला लावली आणि मिरची चुलीकडे पाठवून दिली, वाया कशाला घालवायची म्हणून. सरांची अकोल्यातली सगळी भाषणं दादाच ठरवतो. म्हणजे सरांची अब्रू तिथे ठेवलेली आहे म्हणा ना.

मिस्त्री होते नत्थुजी. त्यांच्या गालात कायम तंबाखूचा खर्रा आणि तोंडात एकच उत्तर, होऊन जाते. मी सांगितलं तीस इंच, ते म्हणाले होऊन जाते. सरांनी माझ्यामागे सांगितलं चौतीस, ते म्हणाले होऊन जाते. झाला चौतीसचा. वर काळाकुळकुळीत ग्रॅनाइट बसलेला मी शनिवारी पाहिला. सरांना विचारलं तर म्हणाले, स्टॅण्डर्ड असतं ते, मॉड्युलरवाल्याच्या ट्रॉल्या त्याच मापाच्या येतात. मॉड्युलरवाला तेव्हा टेप घेऊन तिथेच उभा होता, त्यानं मापं लिहून घेतली आणि गेला. मला राग आला की मी भांडते, वाईट वाटलं की भांडी घासते. त्या दिवशी मी घासलेलीच भांडी परत घासली. एकच गोष्ट मागितली होती, आणि तीही फुकटची होती. उंची कमी करायला काही जास्त पैसे लागत नाहीत.

आता फिजिक्सकडे येऊ. ओटा गेला आग्नेयेला, सिंकही तिकडेच गेलं, पण सांडपाण्याचं भोक राहिलं जुन्या कोपऱ्यात, वायव्येला. खाली दुसऱ्यांचं घर, स्लॅब फोडता येत नाही. म्हणून जमिनीवरून आडवा पाईप टाकला, अगदी सपाट, देखणा. सरांनी स्वतःच्या हातानं सिंकमध्ये पहिली बादली ओतली. पाणी गेलं, थोडा विचार केला आणि परत आलं. नत्थुजी म्हणाले, पाईपाले उतार पायजे, सिंककडून उचला लागते, आन् पाईप झाकाले सारी जमीन वर घ्या लागते. सरांनी विचारलं, होईल का? तुम्हाला उत्तर माहीत आहे.

भराव पडला, टाइल्स बसल्या, आणि किचनची जमीन हॉलपेक्षा चांगली चार इंच वर आली. दारात पायरी तयार झाली. पहिल्याच दिवशी सासूबाईंचा अंगठा तिला ठेचला आणि त्यांनी नत्थुजींच्या सात पिढ्यांची चौकशी केली. मी चढून आत गेले, ओट्यापाशी उभी राहिले, आणि मला काही तरी वेगळंच वाटायला लागलं. दोन्ही हात ओट्यावर ठेवले. खांदे वर गेले नाहीत. कोपर सरळ राहिले. मी हवेतच एक भाकर थापून पाहिली, मग दुसरी थापली. ओटा होता तिथेच होता, जमीन माझ्यासाठी वर आली होती. मी पायातली चप्पल काढून पाहिली, तरीही बरोबर. अख्ख्या विज्ञाननिष्ठ अमरावतीत वास्तुशास्त्र फळलं ते फक्त मला.

हे सुख चार दिवस टिकलं. मग ट्रॉल्या आल्या. खालची ट्रॉली काही केल्या बसेना. सरांनी टेप लावला, ओटा तीस भरला, आणि ते माझ्याकडे अशा नजरेनं पाहायला लागले जणू तो मीच रात्रीतून येऊन खचवला होता. मी म्हटलं, ट्रॉली कापून घ्या, ओटा राहू द्या, माझा हात वाचतो. मी हे शांतपणे म्हटलं, आणि मी शांतपणे फार कमी बोलते. तर म्हणाले, ओट्यासाठी कोणी ट्रॉली कापते का? नत्थुजींना सांगून टाकलं, रविवारी गृहप्रवेश होऊन जाऊ द्या, सोमवारी घन घेऊन या, ओटा काढून वर घेऊ. नत्थुजी म्हणाले, होऊन जाते.

रविवारी सगळे आले. भंतेजी आले, वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं. खोटं बोलणार नाही हे चौथं शील आम्ही नवरा-बायकोनं पुढच्या रांगेत हात जोडून मोठ्या आवाजात घेतलं. परित्राण पाठ झाला. मग जेवणाच्या आधी पाहुणे घर पाहायला उठले आणि जो तो त्या पायरीला अडखळू लागला. देवमनदादा अडखळला नाही. तो पायरीपाशी थांबला.

"धर्मेंद्र, किचनात पायरी काहून केली बापा?"

सरांच्या कपाळावर घाम आला, पंखा फुल होता तरी. खरं सांगायचं तर पायरी पाईपामुळे, पाईप सिंकमुळे, सिंक आग्नेयेमुळे. एक धागा ओढला असता तर पौर्णिमेची सगळी भाषणं उसवली असती. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग घसा साफ केला.

"दादा, संध्याची उंची कमी आहे," ते म्हणाले. "पाटावर उभी राहून भाकरी थापते. वरून जोर काढता काढता उजवा खांदा आखडला, वेणी घालाले हात मागे जात नाई. ओटे साऱ्यांच्या मापाचे बनतात, ज्या बाईले तिथं उभं रायचं तिचं माप कोणी घेत नाई. म्हून म्या जमीनच वर उचलली."

मागून कोणा बाईचा हुंदका आला. पण दादा तो दादाच. त्यानं खिडकीकडे पाहिलं, मग समोरच्या कोपऱ्यातल्या ओट्याकडे पाहिलं, मग खिशातून चष्मा काढून परत पाहिलं. मला म्हणाला, "संध्या, तू सांग. खरं काय?"

माझ्या हातात सगळं होतं. नुसतं 'आग्नेय' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. सर उभ्याउभ्या आडवे झाले असते, आणि खरं सांगते, ते पाहायची मला फार इच्छा होती. पण सोमवारी घन आला असता. शील घेऊन तासही झाला नव्हता, तरीही.

"हो दादा," मी म्हटलं. "माझ्यासाठीच केलं. आता हा ओटा कोणी हलवू नये."

भंतेजींनी मान डोलावली. अख्ख्या हॉलनं साधु, साधु, साधु म्हटलं. दादानं सरांना छातीशी धरलं. नत्थुजी सगळ्यांच्या आधीच खिरीची वाटी घेऊन बसले होते, त्यांनी तेवढ्यात सरांना विचारलं की मंग सोमवारी घन आणू की नाही. सर म्हणाले, कशाचा घन, जेवा ना तुम्ही आरामात.

ट्रॉली कापली. बसली. सासूबाईंना आता ओट्याशी वाकावं लागतं, कंबर गेली म्हणतात. मी म्हटलं, होते सवय.

मोहल्ल्यातल्या बायका मला म्हणतात, नशीब काढलं बाई तू. नवऱ्यांना आणून पायरी दाखवतात. देवमनदादानं पुढच्या महिन्यात अकोल्याला सरांचं भाषण ठेवलं आहे, विषय, स्वयंपाकघरातली समता. सर संध्याकाळी हॉलमध्ये फेऱ्या मारत त्याची तयारी करतात आणि मी आत भाकरी थापत ऐकते. खांदा बराच मोकळा झाला आहे. सरांचं भाषण दिवसेंदिवस सुधारतं आहे, आता ते स्वतः बोलताना गहिवरतात.

त्या दिवशी हॉलमध्ये माझेही डोळे भरून आले होते. लोकांना वाटलं, बाई सुखानं रडली. मी रागानं रडत होते. इतकी वर्षं मी समजत होते की सरांच्या लक्षातच येत नाही, पुरुषांच्या येत नाही, जाऊ द्या. पण ऐनवेळी खोटं बोलायला उभे राहिले तर त्यांना सगळं पाठ होतं. पाट, भाकर, उजवा खांदा आणि मागे न जाणारा हात. एकही गोष्ट चुकली नाही.

काल भाकर वाढताना मी त्यांना हे विचारलं. ठाऊक होतं तर चौतीसचा काहून केला? सर घास ठेच्याला लावत म्हणाले, "भाकर चांगली झाली आज."

मी दुसरी वाढली नाही.