झुंबरबाईचं चाक

आमच्या घरी घरमोटार आली त्या सालापासून सगळं जालना मला शहाणी बाई समजून राह्यलंय. मोटार कुठं निघायची असली की जादा चाक घेतलं का, हे आधी मला विचारतात. पाहुणे आले की माझ्याकडं बोट दाखवून सांगतात, हिनंच त्या दिवशी चाक घ्यायला लावलं म्हणून. मी खाली मान घालून ऐकते. खरं काय झाल्तं ते दोघींनाच ठाऊक हाय, एक मी आणि दुसरी माझी धाकटी जाऊ गोजरबाई. लई दिवस पोटात ठेवलं, आज सांगूनच टाकते.

माझ्या लग्नाला तवा बारा वर्षं झाल्ती आणि मांडी रिकामीच होती. आमची कुलदेवी पिंपळगावची रेणुकाई. एका चैत्रात आम्ही बैलगाडीनं दर्शनाला गेल्तो, तवा मी देवीपुढं नवस बोलले. शेजारी आत्याबाई, म्हंजे माझी सासू, हात जोडून उभी होती. सासूच्या देखत 'माझ्या पोटी लेकरू दे' असं कसं म्हणावं? आमच्यात सुना असं स्वतःपुरतं मागत न्हाईत, निलाजरी म्हणतात. म्हणून मी म्हणलं, आई, आमच्या घरात पाळणा हलू दे, लेकराचं वर्ष भरायच्या आत तुला सागवानी पाळणा वाहीन. आईनं ऐकलं. पुढल्या वर्षी धाकट्या दिराचं, धर्मराजचं लग्न झालं आणि त्याच्या पुढल्या वर्षी गोजरबाईला मुलगा झाला. घरात पाळणा हलला. देवीनं मागितलं तेच दिलं, चुकलं ते मागणारीचं.

खोटं कशाला बोलू, बारशाच्या दिवशी मी पुरण वाटत बसले आणि माजघरातले पाळणे ऐकू येऊ नयेत म्हणून वरवंटा आपटून आपटून वाटलं. गोजरबाई अठरा वर्षांची, हसरी, कामाला चपळ. भांडायला काही कारण तरी द्यावं की न्हाई माणसानं, तेही देत न्हवती. 'अक्का, अक्का' करत मागं मागं फिरायची. तिनं बद्रीला मांडीवर घेतलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी घ्यायला हात पुढं केला की आत्याबाई मधेच म्हणायची, "राहू दे झुंबर, त्याचा डोळा लागलाय." आणि लेकरू टकटक माझ्याकडं बघत असायचं. मला मूलबाळ न्हाई, माझी नजर लागंल, असं ती तोंडानं कधी बोलली न्हाई. पण मला काय ते कळायचं.

बद्रीचं वर्ष भरत आलं तसा नवस फेडायचा विषय निघाला. पाळणा वाहायला पौर्णिमेचा दिवस ठरला आणि आत्याबाईनं चुलीपाशी बसल्या बसल्या सांगून टाकलं, "पाळणा गोजर वाहील. लेकरू तिचं हाय." नवस माझा, उपास मी केले, बारा वर्षं ओटी मी पसरली, आणि पाळणा ती वाहणार. मी भाकरी थापत होते. त्या दिवशीच्या सगळ्या भाकरी करपल्या.

त्याच महिन्यात धर्मराजनं घरमोटार आणली. नव्या जालन्यात त्याची कापसाची आडत होती. स्टेशनावर एक जुनी लॉरी विकायला निघाली, ती त्यानं घेतली आणि कडूबा सुताराकडून तिच्यावर लाकडी खोली बांधून घेतली. दोन्ही बाजूंना झोपायच्या फळ्या, खिडक्यांना पडदे, स्टोव्हला कोनाडा, पाण्याच्या घागरीला कडं. पिंपळगावला तीन दिवस राहायचं ते कुणाच्या ओसरीत न्हाई, आपल्या मोटारीत, अशी त्याची हौस होती. कडूबानं काम झकास केलं, पण खोली बांधताना लॉरीच्या बाजूला जादा चाक अडकवायची जी जागा होती ती फळ्यांखाली बुजवून टाकली. सुतार तो, त्याला चाकाचं काय.

निघायच्या दिवशी सकाळी मोटार दारात उभी. फळ्यांवर गाद्या पडल्या, शिधा चढला, आणि दोन फळ्यांच्या मधे एवढीच जागा राह्यली की तिथं एक तर पाळणा मावंल न्हाई तर जादा चाक. पाळणा काय देखणा होता. कडूबानं दांड्यांवर राघू कोरल्ते. आणि त्याच्याशेजारी अंगणात ते काळं चाक, धुळीनं भरलेलं. दोन्हीतलं काही टपावर ठेवावं तर टप पातळ, वरून बाभळीच्या फांद्या खरवडणार.

"चाक राहू दे," धर्मराज म्हणला. "टायर नवे हायत. असं किती लांब हाय देवीचं गाव? पाळणा घ्या."

मोटार चालवायला कमरोद्दीन होता. भला माणूस, पण गाडीच्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकायचा न्हाई. तो म्हणला, "मालक, भोकरदनच्या पुढं रस्ता लई खराब. स्टेपनीबगैर मी गाडी न्हाई हालवत. बायामाणसं हायत, लेकरू हाय. चाक बसलं तर जंगलात काय करायचं?"

"काही बसत न्हाई."

"बसलं तर?"

असं अर्धा घंटा चाललं. धर्मराजला वाटत होतं, देवाच्या कामाला निघताना कुठं चाक घेऊन मिरवायचं. कमरोद्दीन किल्ली खिशात घालून ओट्यावर जाऊन बसला. गोजरबाई नवं लुगडं नेसून, बद्रीला काखेत घेऊन पाळण्यापाशी उभी होती आणि एका हातानं राघूवरची धूळ पुसत होती. ते मला बघवलं न्हाई. जणू काही आत्ताच देवळात उभी हाय, असा तिचा चेहरा होता.

आणि मी बोलले. घरातल्या बायकांनी असल्या गोष्टीत बोलायची रीत न्हवती, पण बोलले. "कमरोद्दीन म्हणतो ते बराबर हाय. चाक घ्या. पाळणा कारभारी गाडीवानाच्या बैलगाडीनं पाठवा. आज निघाला तर पौर्णिमेला सकाळी पोचंल."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आमचे मालक आयुष्यात कधी माझ्या बाजूनं बोलले न्हाईत, नेमके त्या दिवशी बोलले. "झुंबर बरोबर बोलली. लेकराचा जीव म्हत्त्वाचा. चाक चढवा." थोरल्या भावाच्या पुढं धर्मराज जात न्हवता. चाक आत गेलं, पाळणा ओट्यावर राह्यला.

आता माझ्या पोटातलं सांगते. कारभारी गाडी कशी हाकतो ते मला पक्कं माहीत होतं. चार वेळा त्याच्या गाडीतनं मी पिंपळगावला गेल्ते. दर झाडाखाली त्याला चिलीम लागते, दर गावात त्याचा कुणीतरी पाहुणा निघतो. पौर्णिमेच्या सकाळी तो पोचणार न्हाई याची मला खात्री होती. मला चाकाशी काय करायचं होतं? माझा नवस माझ्या हातानं फिटत न्हाई तर तिच्या हातानंही फिटू नये, बस, एवढंच माझ्या मनात होतं. गोजरबाईनं एकवार माझ्याकडं बघितलं. मंग म्हणली, "अक्का म्हणतात तर तसंच करा." आणि मुकाट्यानं मोटारीत चढली.

राजूरपर्यंत सगळं नीट होतं. पुढं गोजरबाईला मोटार लागली. तोंड पांढरंफटक पडलं, खिडकीला डोकं टेकवून बसली. बद्रीनं रडून मोटार डोक्यावर घेतली, पाळण्याशिवाय त्याला झोप येत न्हवती. आत्याबाईच्या मांडीवर तो ठरंना, तिचे गुडघे दुखायला लागले. शेवटी मी मधलं चाक आडवं पाडलं, त्याच्या पोकळीत गोधडी दुमडून घातली आणि लेकराला त्यात निजवलं. मोटार हलायची तसा तोही हलायचा. थोड्या वेळानं झोपला. आत्याबाई बघत होती.

भोकरदन सोडून दोन-तीन कोस गेलो असू, आणि मागून फटकन आवाज झाला. मोटार एका अंगाला कलली. कमरोद्दीन उतरून बघून आला. बैलाच्या खुराला पत्री ठोकतात, तिचा खिळा टायरात घुसला होता. आजूबाजूला गाव न्हाई, झाड न्हाई, वर ऊन. कमरोद्दीन दारातून म्हणला, "चाक द्या."

चाकात बद्री झोपलेला. आत्याबाईला वाकता येईना, गोजरबाईला मान उचलवंना. "घे झुंबर त्याला," आत्याबाई म्हणली. वर्षभरात पहिल्यांदा म्हणली. मी त्याला उचललं. तो जागा झाला न्हाई, माझ्या गळ्यात तोंड खुपसून तसाच झोपला. त्याच्या तोंडाला दुधाचा वास येत होता. घंटाभर मी रस्त्याच्या कडेला मोटारीच्या सावलीत बसले, माझा हात मुंग्या येऊन बधिर झाला तरी हलवला न्हाई.

चाक बदलून झालं आणि माझं कौतुक सुरू झालं. कमरोद्दीन म्हणला, "बाईसाहेब नसत्या तर आज इथंच मुक्काम होता." धर्मराज म्हणला, "वहिनी, माझं चुकलं." आत्याबाईनं तर माझ्या तोंडावरनं हात फिरवून बोटं मोडली. आमचे मालक मिशीतल्या मिशीत हसत होते. एकेका शब्दाबरोबर मला तोंडात मारल्यासारखं होत होतं. पंधरा वर्षांत या घरानं मला चांगलं म्हणलं न्हवतं, आणि म्हणलं ते कशासाठी, तर माझ्या जळकेपणासाठी.

पौर्णिमा उजाडली. पूजा मांडली. कारभारीचा पत्ता न्हाई. दोन पोरं टेकडीवर पाठवली, गाडी दिसंना. दुपार कलायला लागली तशी आत्याबाई रडकुंडीला आली. बद्रीचं वर्ष दुसऱ्या दिवशी भरत होतं. मी खांबाला टेकून उभी होते. माझ्या मनासारखं झाल्तं, मंग मला बरं का वाटत न्हवतं?

पुजारी म्हणला, "नवस बोललं कोण? ज्यानं बोललं त्यानं पुढं व्हावं."

मी जागची हलले न्हाई. मंग गोजरबाईच म्हणली, "नवस अक्कांचा हाय. पाळणा त्याच वाहणार होत्या. निघायच्या आदल्या दिवशी मी आत्याबाईकडून कबूल करून घेतलं. तुम्हाला इथं देवीपुढं सांगणार होते, अक्का. म्हणलं, एकदम खूश होतील."

मी आत्याबाईकडं बघितलं. तिनं मान हलवली. "लई हट्ट केला तिनं. दोन घास जेवली न्हाई त्या दिवशी."

म्हंजे पाळणा माझ्याच हातून वाहिला जाणार होता. त्या राघूंवरची धूळ ती माझ्यासाठी पुसत होती. आणि मीच तो ओट्यावर ठेवून आले. वाटलं, देवळाच्या पायऱ्या उतरून सरळ चालत सुटावं.

पण पुजारी वाट बघत होता. मी मोटारीत गेले, ट्रंकेतून माझं इरकली लुगडं काढलं. नवस फिटल्यावर नेसायला जपून आणलेलं होतं. शेतात बाया बाभळीला बांधतात तशी मी त्याची झोळी केली आणि देवळाच्या दोन खांबांना बांधली. गोजरबाईनं बद्रीला माझ्या हातात दिलं. मी त्याला झोळीत घातलं आणि पाच झोके दिले. पुजाऱ्यानं कुंकू लावलं. लुगडं तिथंच देवीला राह्यलं.

दुसऱ्या दिवशी परत निघालो, तर केळना नदीपाशी कारभारी भेटला. बैल सोडलेले, पाळणा गाडीत, आणि हा चिलीम ओढत बसलेला. बोललेला पाळणा देवीचाच, म्हणून त्याला तसाच पुढं पाठवला. मी बोललेला पाळणा शेवटी कारभारीनं देवळात टांगला.

सगळे उतरून त्याच्यावर तोंडसुख घेऊन राह्यले होते. मोटारीत आम्ही दोघी जावाच. मधे ते खिळा घुसलेलं चाक पडलेलं. मी म्हणलं, "गोजर, मी चाकासाठी बोलले न्हवते. पाळणा मागं राहावा म्हणून बोलले. तुझ्या हातून फिटू नये म्हणून."

ती बद्रीचं नाक पुसत होती. वर न बघता म्हणली, "मला तवाच कळलं होतं, अक्का."

"मंग बोलली का न्हाईस? पाळणा मी वाहणार हे तवाच सांगितलं असतं तर मी चाक खाली उतरवलं असतं."

"तेच तर," ती म्हणली. "चाक पाहिजे होतं. लेकरू होतं संगं."

पुढं कडूबानं मोटारीच्या मागं लोखंडी कडी मारली आणि चाक बाहेर टांगायची सोय केली. घरात त्याचं नावच पडलं, झुंबरबाईचं चाक. बद्री आता अकरा वर्षांचा हाय, माझ्याच ताटात जेवतो, त्याच्यावरून मला कधीचं काही वाटत न्हाई. पण कुणी माझ्या शहाणपणाची गोष्ट काढली की गोजरबाई सगळ्यांच्या आधी मान डोलावते, "हौ, अक्कांमुळंच वाचलो," म्हणते आणि भाकरी वाढत राहते. दहा वर्षांत एकदाही तिनं मला टोमणा मारला न्हाई, कधी डोळ्यानंही आठवण दिली न्हाई. एवढं मन कुठून आणते ती? तिला लेकरू झालं तवा मी जळाले त्याच्या दुप्पट मी आता यावर जळते, आणि तसलं मन मागायला मला देवीपुढं तोंड न्हाई.