बाजूचा कप्पा

ओटावाच्या पश्चिमेला, कनाटात, आमची कंपनी फायरवॉलच्या पेट्या बनवायची. इंटरनेटवरून येणारं माहितीचं प्रत्येक पुडकं, म्हणजे पॅकेट, नियमांशी ताडायचं आणि आत सोडायचं की अडवायचं ते ठरवायचं, एवढंच पेटीचं काम. आमच्यातली इंजिनिअर ओडील तिबोदो, तिने सगळे नियम एकमेकांत असे गुंफले होते की पॅकेट क्षणात पार होई. गोची एकच होती. नवा नियम घालायचा तर अख्खी गुंफण उसवून पुन्हा विणावी लागे, आणि ते होईपर्यंत पेटी जुन्याच नियमांवर चाले.

तिच्या शेजारी बसणाऱ्या वेंडेल प्रुइटने त्यावर तोड काढली. नवा नियम आधी बाजूच्या एका छोट्या कप्प्यात टाकायचा, म्हणजे तो लगेच लागू होतो. मोठं विणकाम मागाहून सावकाश. कप्पा भरत गेला की पॅकेटं जराशी मंदावत, पण हल्ला झालाच तर दार ताबडतोब बंद करता येई.

आमचा साहेब गार्थ लिंडक्विस्ट, त्याला ती मंदी खुपत होती. गिऱ्हाईक चाचणीतला वेग बघून पेटी घेतं, आणि चाचणीत कोणी नियम बदलत नाही. कप्पा काढा, असं त्याने फर्मावलं. वेंडेलने साफ नकार दिला, तेव्हा तो ओडीलकडे वळला.

"मग तू काढ. इथेच, याच्या शेजारी बसून. तू कुणाच्या बाजूची आहेस ते कळू दे मला."

तिने काढला. वेंडेल खुर्ची न हलवता बघत राहिला. वेगाचे आकडे पुन्हा चढले, आणि गार्थने सगळ्यांसाठी पिझ्झा मागवला.

त्याच हिवाळ्यात एका जिल्ह्याच्या तातडीच्या फोन-केंद्रावर खोट्या पॅकेटांचा लोंढा आला. तिथल्या लोकांनी अडवायचा नियम घातला, पण पेटी विणतच बसली, आणि तोवर तिने तो सगळा लोंढा झपाट्याने, एकही पॅकेट न सांडता आत सोडला. नवऱ्याच्या छातीत कळ आलेली एक बाई त्या वेळात पुन्हा पुन्हा फोन लावत होती. केंद्र त्या लोंढ्याने तुंबलं होतं, फोन लागला नाही. नवरा तिच्यासमोर गेला.

चौकशीच्या बैठकीत गार्थने सांगितलं, नवे नियम लागू करण्याचं काम वेंडेलकडे होतं. मग त्याने ओडीलला विचारलं, बरोबर ना?

"हो, ते काम त्याचंच," ती म्हणाली.

"पुढचंही सांग ना, ओडील," वेंडेल म्हणाला.

ती पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिली.

वेंडेलला काढलं. कप्पा ओडीलनेच परत बसवला आणि तिला बढती मिळाली. वेंडेलला मात्र कुणी उभं करेना. जिथे जाई तिथे त्या मेलेल्या माणसाबद्दल विचारत. मार्चमध्ये त्याने ओडीलला फोन केला, तेव्हा मी तिच्या समोरच बसलो होतो. तिने फोन स्पीकरवर टाकला. एका कंपनीतून त्याच्याबद्दल तिला विचारणा होणार होती. कप्पा कुणी बनवला आणि कुणी काढला, एवढंच खरं सांग, अशी त्याची विनवणी होती.

"सोडून गेलेल्यांबद्दल बोलायची आम्हाला मनाई आहे," ती म्हणाली.



"बरं. तुझ्या एलोडीला सांग, वेंडेलकाका आठवण काढतो."

"ती तुझं नावही घेत नाही."

तिने फोन ठेवला आणि मला नवे आकडे दाखवायला सांगितले. मागच्याच शनिवारी बर्फाच्या रिंकवर तिची ती पोर माझ्या कोटाला धरून विचारत होती, वेंडेलकाका कधी येणार.