‘धरण’ची मूळ कॅसेट

साताऱ्यात आकाराम जाधवला कोणी ओळखत असेल, तर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, सकाळी फिरायला जाताना कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस म्हणून. याच माणसाने एके काळी सांगलीजवळ कुपवाडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये बसून संगणकावरचे खेळ लिहिले होते, हे त्याच्या सख्ख्या सुनेलाही परवापरवापर्यंत माहीत नव्हतं. कुणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. आपल्याकडे माणसाने काय केलं यापेक्षा त्याला पेन्शन किती बसली हे विचारायची पद्धत आहे.

शेडमधला दुसरा माणूस म्हणजे वीरधवल. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. शेजारच्या कारखान्यात दिवसभर लोखंड ठणठणायचं आणि हे दोघे टीव्हीला जोडलेल्या एका छोट्या रबरी कळांच्या संगणकापुढे माना मोडून बसायचे. खेळ लिहायचा आकाराम. त्याच्या कॅसेटी करायच्या, डब्यांवर चित्रं चिकटवायची आणि पिशवी घेऊन दुकानं पालथी घालायची हे काम वीरधवलचं. हो, कॅसेटीच. गाण्याच्या असायच्या तशाच साध्या. टेपरेकॉर्डरची वायर संगणकाला लावायची, कॅसेट चालू करायची, की काही मिनिटं कान किटवणारा किर्रर्र आवाज यायचा आणि तो संपला की पडद्यावर खेळ उभा राहायचा. त्या किंचाळण्यातच सगळा खेळ भरलेला असायचा. ‘ऊसतोड’, ‘शर्यत’, ‘खंबाटकी’ असे त्यांचे खेळ तेव्हा सांगली-कोल्हापूरकडच्या बऱ्याच पोरांनी खेळले. मग मोठे संगणक आले, कॅसेटींना कुणी विचारेना, शेडला कुलूप लागलं. वीरधवल कुपवाडलाच वर्कशॉप टाकून पाण्याच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायला लागला आणि आकारामने साताऱ्यात नोकरी धरली.

इतक्या वर्षांनी पुण्याहून उत्कर्षा नावाच्या बाईचा फोन आला. तिच्यासारखी चाळिशी-पन्नाशीतली बरीच मंडळी लहानपणीचे हे खेळ शोधून, दुरुस्त करून पुन्हा चालवत होती. लोकांच्या माळ्यांवरच्या खोक्यांतून त्यांना एक सोडून बाकीचे सगळे खेळ सापडले होते. ‘शर्यत’ तर तिने आकारामला मोबाइलच्या व्हिडिओ कॉलवर चालवून दाखवला. आपले बैल तसेच वेडेवाकडे पळताना बघून तो सुनेसमोर मोठ्याने हसला, आणि सुनेने पहिल्यांदाच सासऱ्याचे दात बघितले.

“पण काका, सगळे ‘धरण’ मागतायत,” उत्कर्षा म्हणाली. “तेवढाच कुठे मिळत नाही. तुमच्याकडे आहे का?”

त्याच्याकडची कॅसेट साताऱ्याच्या ओलीने बुरशी धरून कधीच गेली होती. पण मूळ कॅसेट, जिच्यावरून बाकीच्या उतरवल्या, ती वीरधवलकडे होती. महापुरात सांगलीतल्या घरात पाणी शिरलं, तेव्हा वीरधवलने फ्रिज सोडला, कपाट सोडलं आणि कॅसेटींचा डबा डोक्यावर घेऊन बाहेर पडला होता. “गड्या, तुजं धरण सांगलीत बुडू दिलं न्हाई,” असं त्याने फोनवर सांगितलं होतं. गेल्या वर्षी वीरधवल गेला. आकारामला तेव्हा दवाखान्यातून उठता आलं नव्हतं, त्यामुळे शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

लोकांना ‘धरण’ का हवा होता, तर तो जिंकता येत नसे म्हणून. पाऊस थांबत नाही, सहा दरवाजे तुमच्या हातात. जास्त उघडले तर खालची गावं बुडणार, कमी उघडले तर पाणी भिंतीवरून जाणार. आणि मधेच भूकंप व्हायचा, पडदा हादरायचा आणि तेवढा वेळ एकही कळ चालायची नाही. पोरं वैतागून शिव्या द्यायची आणि पुन्हा खेळायची.

आकारामला तो हवा होता तो वेगळ्याच कारणासाठी. त्याचे वडील कोयनानगरला धरणावर कामाला होते. तो लहान असताना भूकंपात त्यांची खोली पडली आणि धाकटी बहीण रंगू तिच्याखाली गेली. तिचा एक फोटोसुद्धा नव्हता. खेळ लिहिताना त्याने पडद्याच्या कोपऱ्यात एक घर काढलं होतं. खिडकीत दिवा आणि दिव्याजवळ चार ठिपक्यांची एक मुलगी. पूर येवो, भूकंप होवो, गावं जावोत, ते घर पडायचं नाही. त्याने ते तसं लिहूनच ठेवलं होतं. खेळणाऱ्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. वीरधवलला माहीत होतं, आणि त्याने कधी विषय काढला नाही. आता आकारामच्या डोळ्यांत साखर उतरली होती, नजर दिवसेंदिवस धूसर होत होती. दिसतंय तोवर एकदा ते घर बघायचं, एवढीच त्याची इच्छा राहिली होती. पुन्हा लिहून काढायचं म्हटलं, तर तेवढे डोळे नव्हते आणि तेवढं डोकंही राहिलं नव्हतं.

तो एसटीने सांगलीला उतरला आणि रिक्षा करून कुपवाडला वीरधवलच्या घरी गेला. पूर येऊन गेल्यावर त्यांनी वर्कशॉपच्या मागेच दोन खोल्या बांधल्या होत्या. वीरधवलची बायको, क्रांतीवहिनी, दारातच उभी होती. त्याला बघताच तिने पदर डोळ्यांना लावला.

“या भावजी. लय वाट बघाय लावली.”

चहा झाला. वीरधवलच्या आठवणी झाल्या. मग आकारामने चाचरतच विषय काढला, “वहिनी, ती ‘धरण’ची कॅसेट...”

“हाय की! तीच तर माज्याजवळ असती.” तिचा चेहरा एकदम उजळला. ती आत गेली आणि देव्हाऱ्याजवळचा टेपरेकॉर्डर दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली. कॅसेट त्यातच होती. आकारामचा जीव भांड्यात पडला. त्याने झाकण उघडून कॅसेट बाहेर काढली. तिच्यावरच्या चिठ्ठीवर वीरधवलचंच अक्षर, ‘धरण, मूळ प्रत, हात लावू नये’.

आणि कॅसेटच्या वरच्या कडेला चिकटपट्टीचा तुकडा.

त्या कडेला दोन छोट्या खाचा असतात. त्यांवरची झाकणं मोडून टाकली की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. मूळ प्रत हाती आली की तिची झाकणं मोडायची, ही वीरधवलची सवय. आणि मोडल्यावरही काही भरायचं असेल, तर खाचेवर चिकटपट्टी लावायची, ही सगळ्या मुलखाची. आकारामने पट्टीवरून अंगठा फिरवला.

“वहिनी, ही पट्टी कुणी लावली?”

“दुकानदारानं. थांबा, ऐकाच तुमी.” तिने त्याच्या हातून कॅसेट घेतली, आत बसवली आणि कळ दाबली.

वीरधवल बोलायला लागला. तरुण, घसा साफ करून, शाळेत भाषण करावं तसा पुस्तकी मराठीत. “नमस्कार. ही कॅसेट खराब नाही. आता किर्र असा आवाज येईल. घाबरू नका, बंद करू नका. त्या आवाजातच खेळ आहे. धीर धरा.”

आकारामचे डोळे भरून आले. हे तो पार विसरला होता. सुरुवातीला दुकानदार कॅसेट साध्या टेपवर लावून बघायचे, किंचाळणं ऐकायचे आणि माल खराब आहे म्हणून परत पाठवायचे. म्हणून वीरधवलने वैतागून प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला ही सूचना भरली होती. आता किर्र आवाज येणार म्हणून आकाराम कान देऊन बसला.

“नमस्कार,” वीरधवल म्हणाला. “ही कॅसेट खराब नाही. आता किर्र असा आवाज येईल...”

आकारामला काही कळेना. सूचना संपली, आणि पुन्हा नमस्कार. ती संपली, पुन्हा नमस्कार.

“ते गेल्यावर आवाज तेवढाच राहिला हुता बघा,” क्रांतीवहिनी सांगत होती. “पर एवढंसंच बोलत्यात, आणि म्होरं नुसतं किंचाळतंय. सारखं मागं घ्यावं लागायचं. मग लग्नाच्या कॅसेटी करून देणाऱ्याकडं गेले. त्याला म्हटलं, ह्यांचं बोलणं तेवढं सगळ्या कॅसेटभर भरून दे बाबा, दोनी बाजूला. आता कसं, लावून ठिवलं की सैपाक हुईपतोर बोलत बसत्यात.”

“त्याच्याकडं जुनं असेल? त्याने उतरवून घेतलं असेल ना आधी?” आकारामने विचारलं. वहिनीने बावरून नंबर दिला. दुकानदार फोनवर भला माणूस निघाला. बोलणं तेवढं घेतलं होतं, म्हणाला, पुढे नुसता खरखराट होता, तो ठेवून काय करणार?

आकारामने फोन खाली ठेवला. त्याला या बाईचा राग राग आला, मनापासून आला. टेप उचलून भिंतीवर आपटावा असं वाटलं. पुरातून वाचवलेलं हिने देव्हाऱ्याजवळ बसून बुडवलं. आणि वीरधवल आपला सांगतच होता, बंद करू नका, त्या आवाजातच खेळ आहे. रंगू दुसऱ्यांदा गेली, आणि या खेपेला तिला बाहेर काढायला कुणी धावणारही नव्हतं.

“काय झालं भावजी?” तिने विचारलं. “तुमाला खेळ पायजे हुता न्हवं? त्यो कुठल्या कॅसेटीत हाय? सगळा डबा दावते.”

त्याला खोटं बोलायचं होतं. दुसऱ्या कॅसेटीत असेल, बघतो, एवढंच म्हणायचं होतं. पण त्याने रडायलाच सुरुवात केली, म्हाताऱ्या माणसाने रडू नये तसं, नाक गळेपर्यंत.

क्रांतीवहिनीने त्याच्याकडे बघितलं, मग टेपकडे. टेप चालूच होता. आता किर्र असा आवाज येईल. घाबरू नका, बंद करू नका. त्या आवाजातच खेळ आहे. तिचा हात हळूहळू तोंडाकडे गेला.

“आवं भावजी,” ती म्हणाली, “मला रोज सांगत हुते की वो. रोज.”

तिने टेप बंद करायला हात पुढे केला, पण कळ काही तिला दाबवेना.