लखनची गाडी

...स्पार्क प्लग मुठीत धरला की आधी गार लागतो, मग हळूहळू हाताइतकाच होतो. चंदरनं तो टीव्हीखालच्या कप्प्यातून काढला होता. मुलीचे अर्धे झिजलेले खडू, रिमोटचे संपलेले सेल, कुणाकुणाच्या लग्नपत्रिका, आणि त्यांच्यात हा. बाकीच्या गाड्यांच्या प्लगला पुढं वाकलेली दांडी असते, याला तशी नाही. याचं तोंड आतल्या आत मिटलेलं. कधीतरी हौसेनं परदेशातून मागवलेला. ज्या गाडीचा हा प्लग, ती गाडी आपल्याकडे नाही आणि येणारही नाही, हे मागवतानाही त्याला पक्कं ठाऊक होतं. पण देवाचा फोटो लावणारा माणूस देव चहाला येईल म्हणून थोडाच लावतो! त्यानं प्लग परत खडूंमध्ये ठेवला आणि कप्पा लोटला.

"अहो, निघताय ना?" सरिता स्वयंपाकघरातून म्हणाली. "लखन भाऊजींचा परत फोन येऊन गेला. आणि तोंड जरा नीट करा. मित्राची नवी गाडी बघायला चाललाय की मयताला?"

"नवी कुठली, तीस वर्षांची आहे," तो म्हणाला.

"मग तर आणखीच बरं. जुनं ते आवडतंच तुम्हाला."

तो हसला. हसताना लक्षात आलं की पोटात दुखतंय. लोक म्हणतात तसं नाही, खरोखरच, बरगडीच्या खाली, डाव्या बाजूला. आपल्या भाषेनं ही जागा कुठून शोधून काढली असेल, कोण जाणे, पण अगदी नेमकी शोधली होती.

पॉलिटेक्निकला असताना मेसमध्ये लखनला त्यानंच त्या गाडीचं इंजिन समजावून दिलं होतं. घडीची तिकोनी पोळी घेतली, लांबट ताटात ठेवली आणि बोटानं गोल गोल फिरवली. हे बघ, यात पिस्टन वरखाली होतच नाही, हा त्रिकोण नुसता फिरतो, फिरता फिरता हवा ओढतो, दाबतो, पेटवतो, बाहेर टाकतो. आणि लखन, ज्याला कार्बोरेटर कशाशी खातात हेही माहीत नव्हतं, ज्याच्या ड्रॉइंगच्या शीट चंदरच्या शीटवरून काचेवर गिरवलेल्या असायच्या, तो लखन म्हणाला होता, "चंद्या, पोळी गार होतीय, खा आधी." बस्स, एवढंच. आणि आता तीच गाडी, तीच निळसर हिरवी, दोन माणसांची, डोळे मिटणाऱ्या दिव्यांची गाडी मुंबईच्या कुणा हौशी माणसाकडून उचलून लखननं पिंपळगावच्या पॅकहाऊससमोर आणून उभी केली होती, द्राक्षांच्या क्रेटशेजारी. वर भेटेल त्याला सांगत होता, "चंद्यामुळं घेतली. त्यानंच येड लावलं."

माजला असता तर बरं झालं असतं. माजलेल्या माणसाचा निदान राग तरी करता येतो. हा बाबा तर एखादा नैवेद्य दाखवावा तशी ती गाडी दाखवत होता.

महामार्गावर धुकं होतं. निफाडच्या बाजूची थंडी गाडीच्या फटीफटीतून आत येत होती, आणि बागांमधून शेकोट्यांचा धूर अजून जमिनीलगतच रेंगाळला होता. चंदरची सीएनजीवरची गाडी चढाला कण्हत होती... जशी ती रोज अंबडच्या कंपनीत जाताना कण्हते, इमानदारीनं. बुधवारी लखननं व्हिडिओ पाठवला तेव्हा तो कंपनीतच होता, तपासणीच्या टेबलाशी. व्हिडिओत गाडीचा मागचा भाग, नवाकोरा जाड सायलेन्सर, आणि तो आवाज — हजार मधमाश्या एकदम पिसाळाव्यात तसा. "पुढचा पाइपपण मोकळा करून घेतला. कसा वाटतो आवाज?" असं लखननं विचारलं होतं. चंदरनं ओळखलं. त्याच क्षणी ओळखलं, इतकी वर्षं परदेशी लोकांचं वाचून वाचून त्याला हे झोपेतही आलं असतं: नवशिक्या माणसानं या गाडीला आधी काय करायचं असतं? जुन्या रबरी नळ्या बदलायच्या, मोठा रेडिएटर घालायचा, दाब दाखवणारा काटा बसवायचा. सायलेन्सर शेवटी. आधी सायलेन्सर मोकळा केला की इंजिनात हवा कोंबणारा टर्बो मोकाट सुटतो, दाब हद्दीबाहेर जातो, पेट्रोल तेवढं पुरत नाही, आत भलत्याच वेळी भडका उडतो, आणि त्या त्रिकोणाच्या टोकांवरच्या बारीक पट्ट्या तुटतात. पट्ट्या तुटल्या की इंजिन गेलं. भंगार. एकदा मनापासून पाय दाबला तरी पुरे. थंडीत तर नक्कीच, कारण गार हवा दाट असते.

हे सगळं एका वाक्यात सांगता आलं असतं. काटा बसवल्याशिवाय पिळू नको. त्यानं ते लिहिलंही होतं. मग खोडलं आणि लिहिलं, "जबरदस्त." पाठवलं तेव्हा बरगडीखाली छान ऊब पसरली होती.

मी खोटं बोललो का? आवाज जबरदस्तच होता. त्यानं आवाजाबद्दल विचारलं, मी आवाजाबद्दल सांगितलं. सायलेन्सर मी बसवला? बसवायला मी सांगितलं? माणसानं गाडी घ्यावी, हजार ठिकाणी मिरवावी, आणि तिच्या पोटात काय चाललंय ते मात्र दुसऱ्यानं बघावं... का? मी काय त्याचा नोकर आहे?

ओझर मागे पडलं तेव्हा त्यानं ठरवलं, गेल्या गेल्या सांगायचं. कोकणगाव येईपर्यंत ते ठरवणं विरलं होतं. फुटेल इंजिन, फुटू दे. लखनचं काय जातंय? दुसरं मागवेल. आणि तेव्हा आपण जायचं, हळहळायचं, म्हणायचं, अरे मला विचारायचं तरी! हे वाक्य त्याला इतकं आवडलं की त्यानं ते पुटपुटून पाहिलं. मग शेजारून कांद्याचा टेम्पो हॉर्न देत गेला आणि तो दचकला. आपण गाडीत एकटेच हसत होतो, हे त्याला नंतर कळलं.

"आलं बाबा, आलं एकदाचं!" लखन पॅकहाऊसच्या दारातून हात पसरून आला. पोट सुटलं होतं, केस पातळ झाले होते, हसू मात्र मेसमधलंच. "बस आधी. चहा नंतर. तुला खरं सांगू, चंद्या? आणल्यापासून एकदा पण पिळली नाय. देवाशपथ! म्हटलं पहिला राउंड तुझ्याबरोबर."

म्हणजे ती अजून शाबूत होती, आणि शाबूत होती ती चंदरची वाट बघत. भावाशी भाऊ असं वागत नाही. वागू नये माणसानं असं... समोरच्याला उभं राहायला जागाच राहत नाही.

आसन खूप खाली होतं, जवळजवळ रस्त्यावर बसल्यासारखं. आत पेट्रोलचा आणि जुन्या प्लॅस्टिकचा वास होता. या वासाबद्दल कुणीच कुठं लिहिलं नव्हतं. लखननं चावी फिरवली आणि तो गुणगुणाट पाठीच्या मणक्यातून वर चढला, आणि चंदरला रडू येईल असं वाटलं. रागानं की आनंदानं, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. शिरवाडे फाट्याच्या पुढं रस्ता रिकामा झाला. धुकं वर उचललं गेलं होतं. लखननं इंजिन तापू दिलं होतं, तेवढं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून तो परीक्षेला बसल्यासारखा ताठ झाला होता.

"दाबू का?" त्यानं विचारलं.

चंदरनं सीटबेल्ट ओढून पाहिला.

"तू म्हण. तू म्हटल्याशिवाय नाय दाबणार."

झालं! आता गप्प राहणं म्हणजे गप्प राहणं उरलं नव्हतं. आता तोंडानं हो म्हणावं लागणार होतं. फक्त एक हो... आणि खालून तो आवाज येत होता, गोल, अखंड, कुठंही न अडखळणारा. तोच आवाज तो पोरसवदा असताना सायबर कॅफेत फाटक्या हेडफोनमधून ऐकत बसायचा. तो आवाज आता तुटणार होता. त्याच्या कानांदेखत. लखनची दया आली असती तर गोष्ट वेगळी होती. लखनची दया त्याला आली नाही, हे त्यानं स्वतःशी लपवलं नाही.

"नको," तो म्हणाला. "नको दाबू. बाजूला घे."

आणि मग सगळं सांगितलं. सायलेन्सर, दाब, पेट्रोल, पट्ट्या, गार हवा. सांगताना आवाज चढला, जणू लखननं त्याचंच काही मोडलं होतं. लखन ऐकत राहिला, तोंड उघडं टाकून. बुधवारी का नाही सांगितलंस, हे त्यानं विचारलं नाही. विचारायला हवं होतं. त्यानं चंदरचा हात धरला आणि म्हणाला, "वाचवलंस रे! तू नसतास तर आज वाटच लागली असती."

परत येताना लखन ट्रॅक्टर चालवावा तसा चालवत होता. आवारात हर्षाली चहाचा ट्रे घेऊन उभी होती. लखनची बायको; घरचा आणि पॅकहाऊसचा, दोन्ही कारभार तिच्या हाती. "हे काय, एवढ्यात आलात? भाऊजी, आवडली नाही का गाडी?"

"अगं, अशी दाबायची नसती ती," लखन म्हणाला. "आधी काटा बसवायचा. सायलेन्सर मोकळा केला ना, की टर्बो मोकाट सुटतो. आणि थंडीत तर लय जपायचं. गार हवा दाट असती."

तो थांबला नाही, अडखळला नाही. पट्ट्यांचंही सांगितलं, बोटांनी त्रिकोण करून. हर्षाली कौतुकानं ऐकत होती. चंदर चहाचा कप धरून उभा होता, आणि त्याची वाक्यं लखनच्या तोंडून येत होती, आणि — हेच त्याला सोसवेना — ती तिथं शोभत होती. ज्याची गाडी त्याच्या तोंडी ती शोभणारच. इतकी वर्षं नुसती पोसून ठेवलेली, फुकटची, बेवारशी वाक्यं एका तासात मालकाच्या घरी जाऊन बसली होती. बुधवारपासून आज सकाळपर्यंत ती गाडी चंदरची होती. ती कधी मरणार, मरणार की नाही, हे साऱ्या जगात त्याला एकट्याला ठाऊक होतं. एवढी कुणाची मालकी असते? लखनकडे नुसती चावी होती.

आता ती गाडी लखनची झाली. पूर्ण.

"बरं, काटा तर बसवू," लखन म्हणाला. "आणि पुढं रे? पुढं काय काय करायचं?"

चंदरनं चहाचा घोट घेतला. पुढचं सगळं त्याला पाठ होतं, क्रमानं, कुठं माणसं चुकतात त्यासकट.

"रेडिएटर," तो म्हणाला.

"आणि?"

"बघू. सांगतो हळूहळू."

"तू सांगशील तसं," लखन म्हणाला आणि विश्वासानं मान हलवली. आणि चंदरच्या बरगडीखालचं दुखणं, सकाळपासून न हललेलं, एकाएकी थांबलं. त्या जागी ऊब पसरली, ओळखीची, बुधवारची. तो हसून काहीतरी बोलणार होता. पण त्याला स्वतःचीच इतकी भीती वाटली की त्यानं कप तसाच अर्धा ट्रेमध्ये ठेवून दिला.