शेजारच्या सीटवरून

“डावीकडे सायकलवाला आहे हो. हां, गेला. आता सरळ. पुढे स्पीडब्रेकर.”

“आई, बाबांना चालवू दे ना!” मागच्या सीटवरून मुलगा हसला. “या गाडीला दोन स्टिअरिंग आहेत. एक बाबांच्या हातात, एक आईच्या तोंडात.”

सून हसली, तिला हसताना पाहून मधे बसलेली नातही हसली. सुनेच्या बहिणीकडे सगळे जेवायला निघाले होते. पायलटने स्पीडब्रेकरवरून गाडी अशी अलगद नेली की मांडीवरचं तान्हं मूलही जागं झालं नसतं.

पायलट हे नाव त्याला कंपनीत पडलं होतं. उभा जन्म त्याने साहेबांची गाडी चालवली. साहेब बदलले, गाड्या बदलल्या, पायलट तोच राहिला. निवृत्त झाल्यावर त्याने स्वतःची गाडी घेतली आणि ती रोज सकाळी इतक्या मायेने पुसायला लागला की बायको म्हणायची, “लग्नात माझ्याकडेसुद्धा इतकं निरखून पाहिलं नव्हतंत.”

गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. नजरेच्या मधोमध डाग पडलाय. कडेचं दिसत राहील, समोरचं जाईल, चष्म्याने काही होणार नाही. गाडी बंद करा. तेव्हा सोबत फक्त बायको होती. दवाखान्याचा जिना उतरताना तो म्हणाला, “घरात कुणाला कळता कामा नये.” ती म्हणाली, “मग मी शेजारी बसत जाईन.”

तेव्हापासून ती बघायची आणि तो चालवायचा. घरात तिची कटकटी म्हणून चेष्टा व्हायला लागली, तीही तिने मुकाट सोसली. खरं तर दोघं मिळून रोज गुन्हा करत होती. पण संसारात बाकीच्या गोष्टी अंगवळणी पडतात तसा तोही पडला.

घोडं अडलं ते नातीच्या शाळेवरून. शाळेच्या व्हॅनवाल्याने धंदा बंद केला आणि मुलगा खुशीत म्हणाला, “घरात पायलट असताना व्हॅन हवी कशाला? सोमवारपासून बाबाच सोडतील.” पायलटची छाती फुगली. तो लगेच हो म्हणून मोकळा झाला.

“मीही जात जाईन बरोबर,” बायको म्हणाली.

“तुझे गुडघे रोज दोनदा तीन मजले चढणार आहेत का?” मुलाने तो विषय तिथेच संपवला.

शनिवारी दुपारी घरात दोघंच असताना तिने त्याला गाठलं. “नाही म्हणून सांगा. काहीही कारण द्या.”

“रस्ता पाठ आहे मला.”

“रस्ता पाठ आहे. रस्त्यावरची पोरं पाठ आहेत का?”

“हे बघ,” तो भडकला, “कुणापुढे एक शब्द बोललीस तर पुन्हा माझं तोंड बघू नकोस.”

“नाही बोलणार,” ती म्हणाली.

आणि आज रविवार. मोठ्या चौकाजवळ ती म्हणाली, “लाल.” गाडी पांढऱ्या पट्ट्यामागे अगदी बेताने थांबली. पुढे एकही वाहन नव्हतं. तिने पर्सवर हात ठेवले आणि तोंड मिटलं.

पायलट वाट बघत राहिला. दोन्ही बाजूंचे धूसर आकार हलले, मागे हॉर्न सुरू झाले. पण या चौकात लोक लाल दिव्यालाही हॉर्न मारतात.

“अगं,” तो हळूच म्हणाला.

ती खिडकीबाहेर बघत होती.

“अगं, बोल ना काहीतरी.”

मुलाने मोबाईलमधून मान वर काढली. “बाबा, कधीचा हिरवा आहे! चला की.”

पायलटने घाईने गाडी सोडली.

“थांबा! लाल झाला! बाबा!”

गाडी हातभर पुढे जाऊन थांबली. नात आईला बिलगली.

“बाबा,” मुलाचा आवाज उतरला होता, “तुम्हाला सिग्नल दिसत नाही?”

पायलटने हँडब्रेक ओढला, धोक्याचे दिवे लावले आणि गाडी बंद केली. सगळं अगदी रीतसर.

“आई, तुला माहीत होतं?”

“हो.”

“आणि उद्यापासून छोटीला यांच्याबरोबर एकटं पाठवणार होतीस?”

“नव्हते पाठवणार. म्हणून तर गप्प बसले.”

पायलटला सगळं कळलं. तिने गाडी उभी असतानाची वेळ निवडली होती, कुणाच्या केसालाही धक्का लागू नये म्हणून. हे कळल्याने राग कमी होण्याऐवजी वाढलाच.

“भर चौकात उघडं पाडलंस मला,” तो म्हणाला. “मुलासमोर, सुनेसमोर.”

“घरात ऐकलं होतंत?”

“ओ काका, झोपा काढताय का?” मागून कुणीतरी ओरडलं. उभ्या जन्मात त्याला असं कुणी बोललं नव्हतं. तो उतरला, गाडीवर हात ठेवत ठेवत मागच्या दाराशी आला आणि मुलाच्या जागी बसला. मुलाने सीट पुढे ओढली, आरसा स्वतःच्या मापाने फिरवला. गिअर करकरला. पायलटने ते ऐकलं आणि दात आवळले.

“आजोबा, मग उद्या मला कोण सोडणार?” नातीने विचारलं.

“बघू,” सून म्हणाली.

चौक मागे पडला. पुढच्या सीटवर म्हातारी तशीच ताठ बसली होती. तिला मागे बस म्हणायचं कुणाला सुचलंच नव्हतं. थोड्या वेळाने तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “स्पीडब्रेकर.”

“आई, मला दिसतंय!” मुलगा खेकसला.

मागे पायलटचा उजवा पाय तोवर पायाखालच्या रबरी मॅटवर दाबला गेला होता. गाडी दाणकन आपटली, तरी त्याने पाय उचलला नाही.