पातेलं सेराइनाच्या हाती

केबलकारच्या दुरुस्ती-पथकात शिकाऊ म्हणून लागल्यापासून तीन महिने सेराइनाच्या वाट्याला काय आलं होतं? ग्रीसचा डबा आणि जमीन! वर, डोंगराच्या अंगावर उभ्या असलेल्या सातव्या खांबावर कोण चढणार ते दुमेनी ठरवत. चाळीस वर्षं तारांवर काढलेला माणूस. वर्षाची मोठी तपासणी उद्यावर आली होती आणि सोबत कोण, हे त्यांनी अजून सांगितलं नव्हतं.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी पथकानं चर्चमागच्या गल्लीत उर्सिनाबाईंच्या खाणावळीत फॉन्ड्यू खायचा, हा रिवाज. नवीन माणसानं पातेलं राखायचं, हाही रिवाजच. टेबलाच्या मधोमध दिव्यावर वाइनमध्ये वितळलेलं चीज असतं. पाव बुडवणाऱ्यांचे हात थांबले तरी राखणाऱ्याची पळी थांबता कामा नये.

"झोपू नकोस हं, राणीसाहेब," अंद्रीनं टोमणा मारला. तो तिच्याहून दोनच वर्षांनी मोठा, पण खांबावर जाऊन आलेला. तेवढ्यावर त्याची मिजास!

"तू खा गुमान," सेराइना म्हणाली आणि पळी गरागरा फिरवू लागली.

मग कधी नव्हे ते दुमेनी बोलायला लागले.

"सातव्या खांबावर होतो तेव्हाची गोष्ट. ढग आमच्या खाली होते. नुसता पांढरा समुद्र. मी पाना उचलला, तर त्याच्या टोकावर निळी ज्योत. भाजत नव्हती, हलत नव्हती. नुसती गुणगुणत होती. माझ्या बोटांवरही तीच."

सगळ्यांचे पाव टोचलेले काटे हवेतच राहिले. सेराइना दुमेनींच्या बोटांकडे बघत राहिली. हवेनं पेट घ्यावा, तोही माणसाच्या बोटांवर!

"मग हो?"

"मग काय पोरी! तान्हं बाळ ठेवावं तसा पाना अलगद ठेवला आणि निमूट खाली उतरलो. खाली पाय टेकतो न टेकतो तोच खांबावर वीज कोसळली."

मग अंद्री पाव बुडवायला वाकला आणि ओरडला, "अरे देवा, हे काय झालं!"

चीज फाटलं होतं. वर पाणचट वाइन, तळाशी रबरासारखा गोळा.

"दिवाच मोठा होता," अंद्री पटकन म्हणाला. इतका वेळ चिडवणारा अंद्री! "मालकीणबाईंनीच तसा ठेवला होता."

सुटायची वाट समोर उघडी होती. दुमेनी तिच्याकडेच बघत होते.

"दिवा बरोबर होता," सेराइना म्हणाली. "पळी मी थांबवली."

"कधी?"

"तुमच्या बोटांवर ज्योत आली तेव्हा."

टेबलावर असा हशा उसळला की उर्सिनाबाई धावत आल्या. त्यांनी पातेल्यात डोकावून नुसतं "हं" केलं, दिवा मोठा केला, लिंबू पिळलं, वाइनमध्ये कालवलेलं मक्याचं पीठ ओतलं आणि पळी सेराइनाच्या हातात दिली. "फिरव. जोरात. मनगट मोडलं तरी चालेल."

ती फिरवत राहिली. गोळा हट्टानं गोळाच राहिला. मग त्याची एक कड सैलावली, पाण्यात एक पिवळी रेघ उतरली, आणि बघता बघता सगळं एकमेकांत शिरून रेशमासारखं लकाकायला लागलं. सेराइना श्वास घ्यायची विसरली. इतकं तुटलेलं काही असं परत जुळतं? कुणाला विचारायचीही सोय नव्हती; तिच्याच हातांनी झालं होतं ते! आणि या वेळी पळी थांबली नाही.

दुमेनींनी पाव बुडवला, चावला, सावकाश गिळला.

"वर चूक होतेच," ते म्हणाले. "ती लपवणाऱ्याबरोबर मी दोरीला बांधून घेत नाही. सहा वाजता ये. जाड मोजे घाल."

सेराइनाच्या तोंडात गरम पाव होता. तिनं एवढ्या जोरात मान हलवली की उर्सिनाबाई म्हणाल्या, "अगं हळू! उद्या लागणार आहे ती मान तुला."